कोरडं वजन

रविवार, ३

आले एकदाची. दोन बॅगा, वजनकाटा आणि माझी मोठी कात्री, संपला संसार. खोली पाहताक्षणी आवडली. तळमजला, स्वतंत्र दार, पूर्वेला रुंद खिडकी, तिच्याखाली लांबलचक मेज. त्या मेजावर चाळीस शर्टांचं कापड एकावर एक अंथरता येईल. भिंतींना ताजा रंग. मोरीतला नळ घट्ट बंद होतो, थेंबभरही गळत नाही.

वर घरमालकीण एकटी राहते. सत्तरीची, काडीसारखी, केस चापूनचोपून. मी तिला मावशी म्हणायचं ठरवून टाकलं. डायलिसिस कधीपासून, हे तिने दारातच विचारलं. चौदा महिने, म्हटलं. तिने माझा डावा हात हातात घेतला, सुया टोचायला शीर जोडून केलेली जागा असते तिथे बोटं ठेवली आणि डोळे मिटून आतली गुरगुर ऐकत राहिली. लोक त्या फुगीर शिरेकडे बघायचंही टाळतात. मला बरं वाटलं, खोटं का बोलू?

जुन्या गावाहून डायलिसिसचं केंद्र तीन तास लांब होतं. इथे चालत सात मिनिटं. शिवाय शर्टांच्या कारखान्यात मंगळवार, गुरुवार, शनिवार अर्धा दिवस कापणीचं काम मिळालंय. निघताना वहिनी रडवेली झाली होती, वन्सं, एकट्या कशा राहाल म्हणून. तिला म्हटलं, मूत्रपिंडं गेलीत, अक्कल शाबूत आहे.

सोमवार, ४

केंद्र स्वच्छ. आठ खुर्च्या, आठ यंत्रं. माझी तिसरी, खिडकीजवळची. शेजारी एक निवृत्त बस कंडक्टर. सिस्टर सुई टोचायला लागली की हा ओरडतो, "पुढे सरका, आत जागा आहे!" हसता हसता माझी सुई कधी आत गेली ते कळलंच नाही. मी कापड कापते हे कळताच तो मला मास्तर म्हणायला लागला.

सिस्टरने नवीन माणसाला देतात तसा धडा दिला. मला तो पाठ आहे, तरी ऐकून घेतला. अंगात जादा पाणी अजिबात नसताना भरतं ते कोरडं वजन. माझं बावन्न किलो. लघवी बंद असल्यामुळे जे प्यावं ते आतच राहतं. एक लिटर पाणी म्हणजे एक किलो. आज काट्यावर त्रेपन्न सहाशे भरले, चार तासांनी बावन्नवर उतरले. सिस्टर खूश झाली. रोज काय प्यायलं ते वहीत लिहा, म्हणाली. नुसते आकडे लिहिणं मला जमत नाही, म्हणून सगळंच लिहितेय.

माझी पद्धत सोपी आहे. सकाळी सातशे मिलीची बाटली भरायची. चहा घेतला की तेवढंच पाणी बाटलीतून ओतून द्यायचं. उरलेल्यातून बर्फाचे छोटे तुकडे, एकेक चोखायचा. लिंबाची फोड जिभेवर. फारच जीव सुकला तर चूळ भरून थुंकायची. आणि मीठ जवळजवळ बंद, कारण तहान मिठाच्या पाठोपाठ येते. संध्याकाळी बाटली रिकामी झाली की दुकान बंद. चौदा महिन्यांत एकदाही चुकले नाही. भल्याभल्यांना पाणी पाजलंय मी. स्वतःला मात्र मोजून पाजते.

शुक्रवार, ८

बुधवारी सगळं ठीक होतं, बावन्नवरच सोडलं होतं मला. आज चोपन्न नऊशे. दोन दिवसांत बाटल्या दोन, म्हणजे चौदाशे मिली. बाकीचा दीड किलो आला कुठून? जेवणातही पाणी असतं हे मला कळतं. पण ते रोजच असतं.

सिस्टर गोड हसली. होतं कधीकधी, हात सैल सुटतो, म्हणाली. मी म्हटलं, चाळीस थरांच्या कापडात माझी कात्री दोऱ्याएवढी सरकत नाही, हात सैल सुटायला काय झालं? तिने काटा दोनदा तपासला. काटा बरोबर होता.

घरी आल्यावर माझ्या काट्यावर उभी राहिले. तोही बरोबर.

सोमवार, ११

सत्तावन्न शंभर.

घोटे लाकडासारखे. बोट दाबलं की खड्डा तसाच राहतो. डॉक्टरीणबाई स्वतः आल्या आणि सगळ्यांदेखत बोलल्या. शनिवार-रविवारच्या मोठ्या खंडात पेशंट बेफाम होतात, म्हणाल्या. हे पाणी आधी पायात येतं, मग फुप्फुसात, मग कोरड्या जमिनीवर माणूस बुडतो. मी वही पुढे केली. त्यांनी ती उघडलीसुद्धा नाही.

एका बैठकीत पाच किलो काढता येत नाही, हृदय झेपत नाही. साडेतीन काढलं. शेवटच्या तासाला पोटऱ्यांत असे गोळे आले की मी खुर्चीची कड चावली. रडले नाही. ज्याने चोरलं नाही त्याने का रडायचं?

सिस्टर पलीकडे गेल्यावर कंडक्टर पहिल्यांदाच विनोद न करता बोलला. मी कुठे राहते ते त्याला आजच कळलं होतं. माझ्या खोलीत माझ्याआधी डायलिसिसवाले तिघे राहून गेले, म्हणाला. तिघेही याच केंद्रातले. आधी एक घड्याळजी, मग बाळंतपणात मूत्रपिंडं गमावलेली एक बाई, मग एक शाळेतला शिपाई. तिघांचंही वजन असंच चढलं. तिघेही शपथेवर सांगायचे, आम्ही प्यायलो नाही. तिघेही फुप्फुसात पाणी भरून गेले. "आम्ही सगळे म्हणायचो, चोरून पीत असणार," तो म्हणाला. "मीही म्हणायचो, मास्तर."

आणि त्या तिघांच्याही आधी माझ्या या तिसऱ्या खुर्चीत घरमालकिणीची लेक बसायची. सव्वीस वर्षांची होती.

कुठेतरी पाणी मुरतंय. माझ्यातच मुरतंय, तो भाग वेगळा.

मंगळवार, १२

कारखान्यात माझ्या शेजारच्या मेजावर काजं करणारी बाई आहे. तिला सगळे काजवाली म्हणतात. तोंडाने फटकळ, पण खोटं बोलत नाही. तिला सगळं सांगितलं आणि म्हटलं, आज माझ्याबरोबर घरी चल आणि पोलिसासारखी माझ्यावर लक्ष ठेव.

ती आली. तिने बाटली, किटली, बर्फ सगळं आपल्या पिशवीत भरलं, मोरीला बाहेरून कडी घातली आणि पलंगासमोर खुर्ची टाकून बसली. मी दोन वाजता काट्यावर उभी राहिले. चोपन्न शंभर. मग झोपले. या आजारात दुपारची झोप दगड टाकल्यासारखी येते.

पाच वाजता उठले तेव्हा ती दाराला पाठ लावून उभी होती, पायात चपला.

तिने सांगितलं ते तिच्याच शब्दांत लिहिते. "चारला तुझ्या गळ्याची घाटी हलायला लागली. तोंड गच्च मिटलेलं. आणि घशात घटाघटा आवाज. उन्हातून आलेलं माणूस पाणी पितं ना, अगदी तसा. दहा-बारा घोट. मग तू ओठ पुसलेस, आणि झोपेत म्हणालीस, अजून."

काटा. चोपन्न चारशे.

बुधवार, १३

काजवाली केंद्रात येऊन साक्ष देऊन गेली. डॉक्टरीणबाईंनी ऐकून घेतलं. तोंड कोरडं पडलं की झोपेत गिळायची सवय लागते, म्हणाल्या. हवा गिळून वजन वाढतं का, असं मी विचारलं. त्यांनी मला मानसोपचार तज्ज्ञांची चिठ्ठी दिली.

तीन उशा घेऊन झोपते आता. आडवं झालं की छातीवर कुणी बसल्यासारखं होतं.

चिठ्ठीच्या मागच्या बाजूला मी कॉलरचं माप लिहून ठेवलंय. तेवढाच तिचा उपयोग.

रविवार, १७

कळलं.

वरून दर दुपारी चार वाजता खुर्ची ओढल्याचा आवाज येतो. आज झोपायचं नाही असं ठरवलं होतं. आवाज आला तशी जिना चढले. पायऱ्या सोळा, तीनदा बसले. वरचं दार उघडं होतं.

मेजावर एका मुलीचा फोटो. लांब मान, हसरे डोळे. फोटोसमोर काचेचा पेला. मावशी जगमधून त्यात पाणी ओतत होती, आजारी मुलाला भरवावं तसं हळू बोलत. पी गं बाळ. आता कुणी अडवणार नाही तुला.

माझ्या घशात घोट उतरला. गार, खरा.

पेल्यातली पातळी बोटभर खाली गेली.

मी दाराची चौकट धरली. दुसरा घोट. तिसरा. पेला रिकामा झाला, तिने पुन्हा भरला. मी ओरडायला गेले, तर तोंडातून आवाजाऐवजी ढेकर आला. तेव्हा तिने मागे पाहिलं. दचकली नाही.

मी सांगितलं, मावशी, ती पीत नाहीये, मी पितेय. पाय दाखवले. तिने शांतपणे सगळं सांगितलं, जणू मी भाडेकरार वाचून दाखवायला आले होते. शेवटच्या रविवारी लेक दिवसभर एक घोट मागत होती. पथ्य म्हणून हिने स्वयंपाकघराला कुलूप लावलं. संध्याकाळी लेक गेली, पाण्याने नाही, हृदय थांबून. म्हणजे तो घोट दिला असता तरी चाललं असतं. तेव्हापासून ही पेला भरून ठेवते. वर्षभर तो तसाच राहायचा. मग खालची खोली घड्याळजीला दिली आणि त्याच दिवशी पेला रिकामा झाला. मध्ये एक धडधाकट भाडेकरू ठेवून पाहिला होता, तेव्हा पाणी हललंसुद्धा नाही. तुमच्यातलं कुणी असलं की मगच ती येते, म्हणाली.

तीन माणसं गेली, मी म्हटलं.

"मग मी काय करू? माझी लेक तहानलेली ठेवू?"

तिच्या डोळ्यांत वेड नव्हतं. तेच भयंकर होतं.

सोमवार, १८

अठ्ठावन्न दोनशे. ऑक्सिजन लावून डायलिसिस केलं. साडेतीन काढलं, उद्या पुन्हा बोलावलंय.

बॅगा उचलल्या. आता काजवालीच्या घरी आहे, गावाच्या दुसऱ्या टोकाला. तिचा नवरा बिचारा बाहेरच्या खोलीत झोपायला गेला.

कंडक्टरला सगळं सांगितलं. त्याने एकेका खुर्चीकडे पाहिलं. मग म्हणाला, मास्तर, त्या तिघांची मी माफी कशी मागू?

बुधवार, २०

काल जादा बैठक झाली. चोपन्नवर सोडलं होतं.

आज छपन्न आठशे.

काल चार वाजता मी काजवालीच्या स्वयंपाकघरात उभी होते. जागी, हातात रिकामी वाटी. घाटी हलायला लागली. काजवालीने दोन्ही हातांनी माझा गळा धरला. तिच्या बोटांखालून घोट जात राहिले.

अंतराने काही होत नाही. त्या खोलीच्या दारात पहिल्या दिवशी मावशीने माझा हात धरला होता, तेव्हाच झालं असावं. पळून उपयोग नाही. बरंच झालं. पळायला मला तसंही दम लागतो.

परत जातेय.

गुरुवार, २१

सकाळी मावशी दळण, बाजार काहीतरी करायला बाहेर गेली. मी वर गेले. सोळा पायऱ्या, पाचदा बसले.

पेला फोडायचा असं ठरवून गेले होते. फोटो फाडायचा. कात्री घेतली होती.

पण समोर बसल्यावर नीट पाहिलं. फोटोतल्या मुलीच्या डाव्या हातावर शीर फुगलेली. माझ्यासारखीच.

मग मी तिच्याशी बोलले. दोन पेशंट बोलतात तसं. म्हटलं, पोरी, तहान काय असते ते तुझ्या आईला कधीच कळणार नाही, मला कळतं. जीभ टाळूला चिकटते. नळाचा आवाज ऐकला की डोळ्यांत पाणी येतं, आणि तेवढंही वाया गेलं असं वाटतं. पण ही तहान पाण्याने जात नाही गं. जितकं प्यावं तितकी वाढते. तू तिघांच्या गळ्यांतून प्यायलीस, भागली का?

खोलीत काही हललं नाही.

म्हटलं, मी तुला शिकवते. खिशातल्या डबीतून बर्फाचा तुकडा काढला, नखाएवढा. जिभेवर ठेवला. चावायचा नाही, सांगितलं. गालात धरायचा. नाकाने श्वास घे. आता मोज. ती होती. माझ्या तोंडात माझ्याखेरीज आणखी कुणीतरी तो तुकडा धरून होतं, लहान मुलासारखं, घाईघाईने. मी तुकडा थुंकला नाही. शंभरपर्यंत मोजलं. आम्ही दोघींनी.

शनिवार, २३

काल बावन्न पाचशेवर सोडलं. आज माझ्या काट्यावर त्रेपन्न. बाटलीच्या मापात.

चार वाजता वर खुर्ची ओढली. पाणी ओतल्याचा आवाज. माझी घाटी हलली नाही. फक्त घशात कुणीतरी आवंढा गिळल्यासारखं झालं. मग काही नाही.

शाब्बास, म्हटलं. मोठ्याने. काजवाली असती तर पुन्हा चपला घातल्या असत्या तिने.

रविवार, २४

मावशी खाली आली. हातात भरलेला पेला. दोन दिवस झाले, पीत नाही, म्हणाली. काय केलंस?

पथ्य शिकवलं, म्हटलं.

माझ्या लेकीला माझ्याविरुद्ध फितवलंस, म्हणाली. आवाज चढला नाही तिचा. पेला माझ्या मेजावर ठेवला, कापडावर. आई मी आहे, तू नाहीस. मग वर गेली. दिवसभर जिन्यावर ये-जा. गच्चीचं दार. काहीतरी जड ओढल्याचा आवाज.

पेला मी मोरीत ओतला.

सोमवार, २५

अकरा वाजलेत. केंद्रात जायला निघाले होते. वर पाहिलं तर मावशी गच्चीच्या जिन्याने चढत होती, छातीशी फोटो, एका हातात पाण्याचा जग. गच्चीवर पाण्याची टाकी आहे. हजार लिटरची. झाकण काल काढलंय.

तिला काय करायचंय ते कळलं.

सिस्टरला फोन केला. गाडी पाठव, म्हटलं, लवकर. मग जिना—

गच्चीच्या तोंडाशी बसलेय. शेवटच्या चार पायऱ्या होत नाहीत. पिशवीत वही होती. लिहितेय, कारण उद्या कुणी म्हणायला नको, चोरून प्यायली. आजचं पाणी: चहा, शंभर मिली. बर्फाचे दोन तुकडे. बस.

दिसतेय ती इथून. फोटो दोन्ही हातांत. आंघोळ घालावी तसा पाण्यात—

सोडला.

आलं. घोट नाहीत हे. लोंढा. घसा फाटतो की—

बोटं सुजताहेत. लिहिताना दिसताहेत, फुगताना. अंगठीजवळ कातडी—

श्वास बुडबुडतोय. तरी नाही. नाही पिणार. ऐकतेस ना पोरी, मोज. एक. दोन

थांबलं.

मी नाही थांबवलं. घाटी आतून कुणीतरी धरलीय. घट्ट. काजवालीला जमलं नाही ते. दुखतंय. धर. सोडू नकोस.

ती बोलली. माझ्या तोंडाने. माझा आवाज नाही, कोवळा आहे. आई, पुरे. आई, नको मला. तीनदा म्हणाली.

मावशीने ऐकलं. वळली. रडतेय. चेहरा असा उजळलाय की— "आलीस बाळ? बोललीस?" म्हणतेय. नको म्हटलेलं ऐकूच गेलं नाही तिला. फक्त आवाज ऐकला. जग टाकीत बुडवला. भरून घेऊन येतेय. हसतेय.

एक पायरी. दोन.

दात मिटलेत आम्ही. दोघींनी. कात्रीसारखे. माझ्या हनुवटीला हात लावलाय तिने, मायेने, जग कलता करून— नाही. लिहून ठेवते, नाही प्यायलो. एक थेंब सुद्धा नाही प्या